मणभर दूध

"मेल्या म्हशीला मणभर दूध, बाई," आत्या म्हणाली आणि तिनं चहाची बशी तोंडाला लावली. तिच्यापुरता विषय तिथं मिटला. मला मात्र तीन आठवडे झाले, ते वाक्य सोडत नाही. भाजी निवडताना आठवतं, रात्री दिवा मालवल्यावर आठवतं. समोर एक कागद आहे, त्यावर पणजोबांबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत, आणि एकही ओळ खरी वाटत नाही.

आमच्या घरात पणजोबांबद्दल जे बोललं जातं, ते एका दमात सांगून होतं. पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते. गेले तेव्हा चाळिशीला आले होते, पदरी पोरं होती. वय कमी सांगून गेले. परत आले, पुढं पुष्कळ जगले, गोठ्याजवळच्या कट्ट्यावर बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. बस. फोटो नाही, पत्र नाही, पलटणीचा नंबर नाही.

बसरा हा शब्द मला लहानपणी दोन ठिकाणी भेटला. एकदा पणजोबांच्या गोष्टीत आणि दुसऱ्यांदा आजीच्या नथीत. नथीतले मोती बसऱ्याचे, असं ती अभिमानानं सांगायची. त्यामुळं पुष्कळ वर्षं माझी समजूत अशी की पणजोबा मोती आणायला गेले होते आणि तिथं लढाई लागली. ही समजूत कुणी दुरुस्त केली नाही. आज वाटतं, ती तशीच राहिली असती तरी फार बिघडलं नसतं.

पण म्हणीकडे येते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. अर्थ सगळ्यांना ठाऊक: गेलेल्याचं कौतुक वाढवून सांगायचं. मी म्हटलं, आधी मण तरी मोजून बघू. मण म्हणजे चाळीस शेर, म्हणजे सदतीस किलोच्या वर. आपल्याकडची पंढरपुरी म्हैस, तलवारीसारख्या लांब शिंगांची, कमी चाऱ्यावर भागवणारी, उन्हातान्हाला टिकणारी. चांगली असेल तर दिवसाला सहा-सात लिटर देते. म्हणजे म्हणीनं सरळ पाच-सहापट केलं. एवढं मोठं खोटं कोण बोलेल, आणि कुणाशी?

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेले. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही, पण कोल्हापुरात अजून म्हैस रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहते आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात मिळतो. पेला कोमट असतो, वर बोटभर फेस. तालमीतून अंग घामेजलेली पोरं येतात, म्हातारी माणसं येतात, उभ्यानंच पितात, मिशीवरचा फेस पुसतात आणि जातात. शहरातल्या पैलवानांच्या तालमी आणि या म्हशी यांचं नातं जुनं आहे. पंढरपुरी म्हशीचा एक गुण गवळी हमखास सांगतात: ती कुठंही पान्हा सोडते. गर्दीत, गाड्यांच्या आवाजात, परक्या माणसांच्या घोळक्यात. बाकीच्या जातींच्या म्हशी जागा बदलली की दूध चोरतात.

गवळ्याला मी ती म्हण विचारली. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "जितीचं दूध रोज मापात पडतंय. मेलेलीचं मापायला आता कुठं जायाचं? मग जीव म्हणतोय तेवढं." आणि मग त्यानं न विचारता त्याच्या एका म्हशीचं सांगायला सुरुवात केली. ती दोन वर्षांपूर्वी गेली. एका वेळेला सात लिटर द्यायची, म्हणाला. शेजारी बसलेली त्याची बायको हळूच म्हणाली, "पाच." तो गप्प झाला. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "पाच द्यायची. पर सात दिल्यागत वाटायचं."

मी तिथंच उभी राहिले, हातातला पेला गार होईपर्यंत. एवढी वर्षं म्हण मी एका बाजूनंच ऐकत होते. ती शेजाऱ्याच्या तोंडची आहे. ज्याच्या गोठ्यातलं दावं रिकामं झालं तो माणूस ही म्हण कधी म्हणणार नाही. तो सात म्हणेल, मण म्हणेल, आणि त्याचा मण खोटा ठरवायला शेजारी पुढं येईल, माप घेऊन. मग खोटं कोण बोललं? आणि माप कशाचं होतं, दुधाचं की रिकाम्या दाव्याचं?

हे सुचल्यावर मला बरं वाटलं. पण घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं नाही, कारण आत्या शेजारीण नाही. ती पणजोबांची नात. त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं आमच्यात आता तेवढं एकच माणूस उरलं आहे.

आणि सात म्हणणारे आमच्याकडेही होते. माझे वडील. वडिलांच्या सांगण्यात पणजोबा कूतच्या वेढ्यात होते. तैग्रिस नदीच्या वळणावरचं ते गाव, तुर्कांनी वेढलेलं, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या तीन मराठा पलटणी, १०३, ११० आणि ११७, त्यात अडकल्या होत्या. हे सगळं खरं आहे. दाणा संपत आला तेव्हा घोडी आणि खेचरं कापायची वेळ आली आणि हिंदी शिपायांनी ते मांस खायला आधी नकार दिला, हेही खरं. वरिष्ठांनी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून चालतं असा निरोप मागवला, तरी पुष्कळ जण दिवसचे दिवस अडून बसले. धर्माची भीती होतीच. त्याहून मोठी भीती गावी परत गेल्यावर भावकी काय म्हणेल याची. हे सांगताना वडिलांचा आवाज बदलायचा. "माझ्या आज्यानं शेवटपर्यंत तोंड लावलं नाही," म्हणायचे. पुढं शरण गेलेल्या हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, शेकडोंनी मेले. वडील तिथं थांबायचे. आज्याला त्यांनी त्या वाळवंटात कधी नेलं नाही.

मी हिशेब केला, आणि तो करायला नको होता असं आता वाटतं. आत्या म्हणते, म्हातारा गेला तो मानमोडीच्या आदल्या साली. मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ, ज्या तापानं घरटी माणूस नेलं. तिला हे तिच्या आजीनं सांगितलेलं, आणि आजी ते साल चुकणं शक्य नाही. म्हणजे पणजोबा गेले १९१७ मध्ये. कूत तोवर पडून वर्ष झालं होतं. वडिलांचा आजा त्या वेढ्यात नव्हता. घोड्याचं मांस त्यानं नाकारलं नाही, कारण ते त्याच्यापुढं कुणी ठेवलंच नाही. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या पश्चात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, मी त्यांचं सात लिटर पाच केलं.

पाच तरी आहे का?

आत्याला एक आठवण आहे. ती पाच-सहा वर्षांची असेल. म्हातारा म्हशींना पाण्यावर नेताना, गोठ्यात बांधताना, "यल्ला, यल्ला" म्हणायचा. घरातल्या बायकांना वाटायचं, देवीचं नाव घेतोय. आमच्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी पुष्कळ घरं, त्यात नवल कुणालाच वाटलं नाही. कडक देवी आहे, नाव घेतलेलं चांगलं. शंभर वर्षं आमचं घर त्याला भाविक समजत आलं. आखातात नोकरी करून आलेल्या माझ्या भाच्यानं ते ऐकलं आणि तो म्हणाला, अगं मावशी, हे अरबी आहे. चल, चल म्हणायला तिकडं यल्ला म्हणतात.

मला त्या दिवशी झोप लागली नाही. तिकडच्या नदीकाठावरून आलेला एक शब्द आमच्या गोठ्यात राहत होता, आणि आम्ही त्याला हळदकुंकू वाहत होतो. ते बसऱ्याला गेले होते याचा तेवढा एकच पुरावा आमच्याकडे, तोही आवाजाचा. पण मग दुसरा विचार आला. बंदूकवाला शिपाई हा शब्द कुणाला म्हणेल? जनावरांना म्हणेल तो, ज्याच्या हातात जनावरं होती. पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानात जी माणसं भरती झाली त्यांत साडेपाच लाखांच्या घरात बिगरलढाऊ होती. खेचरं हाकणारी, ओझी वाहणारी, डोल्या उचलणारी, रस्ते आणि रूळ घालणारी, पाणी भरणारी, स्वयंपाक करणारी. चाळिशीच्या माणसाला पलटणीत कोण घेणार? खेचरामागं घेतील.

आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग? तुज्या पणज्याला बंदूक धरताना बघितलं व्हतं कुणी?"

लढाईवर गेलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एक चित्र तयार असतं. ते यशवंत घाडग्यांचं आहे. माणगाव तालुक्यातला २२ वर्षांचा नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात आपल्या तुकडीतला एकटाच उरला आणि एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणानंतर. त्या चित्राला मी हात जोडते. पण त्या चित्रात चाळिशीचा माणूस बसत नाही. त्याचं पोट सुटायला लागलेलं असतं, गुडघा धरलेला असतो, घरी बैलाचं देणं असतं. तो धावत पुढं जात नाही. तो रात्री खेचराला दाणा घालतो, खूर बघतो, पहाटे पुन्हा खोगीर चढवतो. त्याचं चित्र कुणी काढत नाही आणि कुणी काढलंच तर मी ओळखीन का, याची मला खात्री नाही.

मागं टेंबलाईच्या टेकडीकडे १०९ टीए बटालियनची भरती होती. प्रादेशिक सेनेत ४२ वर्षांपर्यंतच्या माणसाला जाता येतं, आपला कामधंदा सांभाळून. पोरं आदल्या रात्रीपासून रस्त्याकडेला वर्तमानपत्रं अंथरून झोपली होती. त्यांच्यात एक माणूस उठून बसला होता, कानाशी केस पांढरे, पायाला तेल चोळत. मी सकाळी देवीला निघाले होते. त्याला विचारावंसं वाटलं, का? विचारलं नाही. त्याचं उत्तर मी पणजोबांचं म्हणून घरी आणलं असतं.

का, हा प्रश्न अडतो. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये. १९१७ मध्ये भरती होणाऱ्याला वर ५० रुपये देऊ केले गेले. पन्नास रुपयांत काय काय सुटलं असेल? एखादं गहाण रान, एखादी म्हैस. की आणखी काही होतं, जे रुपयांत येत नाही? घरापासून लांब जावं असं चाळिशीच्या माणसाला वाटतं, हे मला माझ्या चाळिशीत कळलं होतं. मी गेले नाही. पण वाटलं होतं.

इथं पुन्हा आत्या. "त्यो गेला, आणि हिकडं मानमोडी आली," ती म्हणते. त्या सालात पाऊसही नीट झाला नव्हता. पणजीची दोन पोरं त्या तापात गेली. उरलेल्यांना घेऊन तिनं रान कसलं, एक म्हैस होती तिच्यावर घर ओढलं. "दूध कुणी दिलं, सांग की मला," आत्या म्हणाली. तिच्या म्हणीतली मेलेली म्हैस कोण आणि दूध देणारी कोण, हे मला तेव्हा समजलं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. क्षणभर वाटलं, लिहायचं तर पणजीवरच लिहावं, तीच खरी. पण हेही मला सोयीचं वाटलं. एकाचा मण काढून दुसरीच्या नावावर मांडायचा, म्हणजे आपण मोकळे. पणजीलाही कुणी मोजलेलं नाही.

मोजण्याची गोष्ट निघाली म्हणून. महायुद्धानंतर सरकारनं गावोगावी चावड्यांवर, वेशींवर दगडी पाट्या बसवल्या. अजून पुष्कळ ठिकाणी दिसतात, चुन्याचे हात फिरून अक्षरं बुजत आलेली. त्यांवर एवढंच असतं: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, आकडे आहेत. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्याचा आकडा ४६, तो आता सगळ्यांना पाठ आहे. आमच्या गावच्या पाटीवरचा आकडा मी इथं लिहीत नाही. आकडा लिहिला की पुन्हा तेच होईल.

खुद्द बसऱ्यालाही तेच झालं. ४० हजारांहून अधिक मृतांचं स्मारक तिथं १९२९ मध्ये उभं राहिलं. गोऱ्या शिपायाचं नाव, हिंदी अधिकाऱ्याचं नाव, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या. १९९७ मध्ये ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाकडच्या वाळवंटात नेऊन ठेवलं. २०२१ मध्ये युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं अहवाल काढून ही असमानता मान्य केली. म्हणजे शंभर वर्षांनी कुणीतरी म्हणालं की हो, नावं घालायला हवी होती. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे गवळी म्हशींना रंगवतात, मोरपिसं बांधतात, पळवतात, आणि मालकानं नावानं हाक मारली की शेकडो माणसांच्या गोंगाटातून नेमकी तीच म्हैस त्याच्यामागं धावत सुटते. पाडव्याला सागरमाळावर ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारची बाई म्हणाली, धूळ फार आहे. मी हो म्हटलं.

पणजोबांचं नाव मात्र एका ठिकाणी कोरलेलं होतं. युद्धपदक मिळालं होतं त्यांना. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. या पदकांच्या कडेवर, जाडीवर, बारीक अक्षरांत माणसाचं नाव, नंबर आणि पलटण उठवलेली असते. मला हवं ते सगळं त्या कडेवर होतं. ते पदक १९३२ मध्ये, माझे वडील जन्मले तेव्हा, सोनारांच्या गुजरीत मोडलं आणि त्याचे वाळे केले. कुणी चोरून मोडलं नाही. आत्या म्हणते, म्हाताऱ्यानं स्वतः नेऊन दिलं.

ते वाळे माझ्याकडे आहेत. वाटाण्याएवढी घुंगरं, तीन उरलेली, एक दबलेलं. चांदी काळी पडली आहे, आतल्या बाजूनं, जिथं बाळाचा पाय घासला असेल तिथं, अजून गुळगुळीत. ते घेऊन मी गुजरीत गेले. कारण मजूर पलटणीतल्या माणसांना तेच पदक ब्राँझचं मिळत असे. चांदीचं असेल, तर निदान तो फौजेच्या पटावरचा माणूस होता असं म्हणता येईल. पदकाची चांदी एक औंसाच्या आसपास, म्हणजे एकतीस ग्रॅम. सोनारानं काट्यावर वाळे ठेवले. अडतीस भरले. मी त्याच्याकडं बघत राहिले. तो म्हणाला, "ताई, मोडीत घट येते, मग भर घालावी लागते. आजीची जोडवी पडली असतील त्यात. आता कसली चांदी कुणाची, हे कोण सांगणार?"

वाळे हातात घेऊन मी महाद्वार रोडनं चालत आले. जोडवी पडली असतील, हे त्याचं वाक्य बरोबर येत होतं. पणजीच्या पायातली चांदी आणि पणजोबांच्या नावाची चांदी एका मुशीत. की सगळीच चांदी तिची, आणि ब्राँझचा बिल्ला कुठं तरी गोठ्याच्या पाचटात गेला? आपलं नाव आणि नातवाच्या पायातला नाद यांतलं एक निवडायला त्या माणसाला किती वेळ लागला असेल? त्यानं जर स्वतःच्या हातानं ते नाव वितळवायला दिलं, तर ते परत कागदावर मांडणारी मी कोण?

तरी कागद समोर आहे. काल रात्री पेन्सिलीनं एक ओळ लिहिली: "बसऱ्याच्या लढाईला गेला." लढला असं लिहिलं नाही. वेढा नाही, शौर्य नाही, चांदी नाही, मण नाही, शेरसुद्धा नाही. घरातले सगळे जे म्हणत आले तेवढंच, आणि गावोगावच्या पाट्यांवरही तेच क्रियापद आहे, गेली. वाटलं, हे तरी कुणाला मोडता येणार नाही. सकाळी फोन करून आत्याला वाचून दाखवलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गेला म्हणतीस. आणि न्येला असंल तर?"

त्या साली भरतीसाठी गावागावांतून माणसं मागितली जात होती. मामलेदार, पाटील यांच्यामार्फत आकडे ठरत होते. हे मी वाचलेलं आहे. आपल्या घराशी ते कधी जोडलं नव्हतं. वय कमी सांगितलं, असं आम्ही कौतुकानं म्हणत आलो. ते त्यानंच सांगितलं, की मोजणी भरावी म्हणून दुसऱ्या कुणी लिहिलं?

"तुला कुणी सांगितलं होतं का तसं? आजीनं?" मी विचारलं.

"न्हाई बा. मला काय म्हाईत? मी तवा हुते व्हय?"

फोन ठेवल्यावर मी खोडरबर घेतलं, आणि ग वर टेकवून तशीच बसले.